शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी: नाताळच्या प्रेमकथांचा आढावा

इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत सप्टेंबर सरत आला की दर्शनी मेज रिकामे होते आणि तिथे लाल-हिरव्या मुखपृष्ठांची पुस्तके येऊन बसतात. मुखपृष्ठावर बर्फ, उजळलेली खिडकी, बेकरीची पाटी, लोकरी टोपीतली तरुणी. आत काय असणार हे विकत घेणाऱ्याला पुरते ठाऊक असते. दोघे भेटतील, बिनसेल, आणि २५ डिसेंबर उजाडायच्या आत जुळेल. ठाऊक असलेल्या शेवटासाठी माणसे दरवर्षी पैसे का मोजतात, या कुतूहलातून ब्रिटन-अमेरिकेत बरीच वर्षे वाद चालू आहे. तो एकपदरी नाही. हे लेखन कसबाचे की साच्यातून काढलेला माल, वाचणाऱ्या बाईला ते विसावा देते की गुंगी, आणि त्यातला सण नेमका कोणाचा, अशा तीन अंगांनी तो चालतो. तिन्हींत आज कोण कुठे उभे आहे ते पाहू.

बेल परत येते

सुरुवात अर्थातच डिकन्सपासून. 'अ ख्रिसमस कॅरल' १९ डिसेंबर १८४३ ला बाजारात आले आणि पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. कवडीचुंबक स्क्रूज, तीन आत्मे, लंगडा टायनी टिम हे सर्वांना आठवते. बेल मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. तरुण स्क्रूजशी तिचे लग्न ठरलेले असते. पैशापायी हा माणूस बदलला हे ओळखून ती त्याला मोकळा करते आणि निघून जाते. सुधारलेल्या स्क्रूजला पुतण्या मिळतो, कारकुनाचे कुटुंब मिळते, शहराचा सलोखा मिळतो. बेल काही मिळत नाही.

माझ्या मते पुढची पावणेदोनशे वर्षे नाताळची प्रेमकथा हीच उणीव भरून काढत आली आहे. आजच्या कादंबरीतला फोन खाली न ठेवणारा गुंतवणूक सल्लागार किंवा सुट्टीतही ईमेल तपासणारी मॅनहॅटनची वकील हे स्क्रूजचेच वंशज. फरक इतकाच की त्यांना वेळेत उपरती होते आणि बेल परत येते.

डिकन्सने आणखी चार नाताळपुस्तके लिहिली. त्यांतले १८४६ चे 'द बॅटल ऑफ लाइफ' उघडच प्रेमकथा आहे, आणि त्याच्या उत्तम लेखनात ते कोणी धरत नाही. खरा परिणाम झाला तो नियतकालिकांवर. स्वतः डिकन्सच्या साप्ताहिकांचे नाताळ अंक निघू लागले, पाठोपाठ इतरांचे, आणि डिसेंबरसाठी गोष्ट लिहून देणे हा इंग्रजी लेखकांचा ठरलेला वार्षिक व्यवसाय झाला. आपल्याकडे काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो याच नाताळ अंकांच्या धर्तीवर, असे सांगितले जाते. सणासाठी मुद्दाम लिहून घेतलेले साहित्य ही गोष्ट तेव्हा मराठी वाचकाला नवी नाही.

या काळातली एक कथा जरा थांबून पाहण्यासारखी आहे. अँथनी ट्रोलपची 'ख्रिसमस अ‍ॅट थॉम्पसन हॉल', 'द ग्राफिक'च्या १८७६ च्या नाताळ अंकातली. मिसेस ब्राऊनला सणासाठी इंग्लंडात माहेरी पोचायचे आहे. नवऱ्याला जायचे नाही. त्याचा घसा दुखतो आणि पॅरिसच्या हॉटेलातून त्याचा पाय निघत नाही. मोहरीचा लेप मिळाला तर बघू, असे तो मध्यरात्री कण्हत सांगतो. जेवणघरात मोहरीची बरणी पाहिल्याचे बाईला आठवते. हॉटेलचे अंधारे, लांबलचक बोळ तुडवत ती खाली जाते, हातरुमालावर मोहरी थापून परत येते, चुकीच्या खोलीत शिरते आणि झोपलेल्या भलत्याच गृहस्थाच्या गळ्यावर तो रुमाल ठेवते. चूक कळताच तिथून पळ काढते, पण रुमालावर नाव असते. पुढे थॉम्पसन हॉलमध्ये तो गृहस्थ समोर उभा राहतो: धाकट्या बहिणीचा नियोजित वर.

गोष्ट विनोदी आहे आणि आजही हसवते. पण तिच्यात सणाला सगळ्यांना एकत्र आणण्याचे काम कोण करते, कोणाच्या झोपेचे खोबरे होते, आणि कुरकुर कोण करते, ते पाहावे. हा धागा पुढे पुन्हा लागेल. ट्रोलपला स्वतःला असल्या फर्माइशी कथांचा तिटकारा होता. आत्मचरित्रात त्याने तो लपवलेला नाही. तरी लिहिल्या मात्र त्याने बऱ्याच.

अमेरिकेत या प्रकाराचा नमुना घालून दिला ओ. हेन्रीने. १९०५ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आलेली त्याची कथा, जिच्यात एकमेकांच्या भेटीसाठी बायको आपले केस विकते आणि नवरा आपले घड्याळ, अनुवादांतून घरोघरी पोचली आहे. 

कारखाना आणि कारागीर

कथेवरून कादंबरीवर हा प्रकार गेला तो प्रकाशन व्यवसायामुळे. मिल्स अँड बून १९०८ मध्ये लंडनला, हार्लेक्विन १९४९ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला सुरू झाले. १९७१ मध्ये दुसऱ्याने पहिल्याला विकत घेतले, आणि २०१४ मध्ये हार्पर कॉलिन्सने दोघांनाही. महिन्याला ठरावीक पुस्तके, ठरावीक पानसंख्या, ठरावीक किंमत ही व्यवस्था एकदा बसली की डिसेंबरचा वेगळा माल ओघानेच येतो. पुण्या-मुंबईच्या गल्लीतल्या लायब्ररीतून दिवसाच्या भाड्याने ही पुस्तके नेणाऱ्या वाचकांनी हॉलीच्या फांद्या आणि मिसलटो प्रत्यक्षात कधी पाहिले नसेल, पण मिसलटोखाली चुंबन घ्यायचे असते हे त्यांना पाठ होते.

या व्यवस्थेतल्या लेखिकांबद्दल 'कारखान्यातल्या मजूर' असा एक समज आहे. चरित्रे पाहिली की तो जरा ढिला पडतो. बेटी नील्स या व्यवसायाने परिचारिका. निवृत्तीनंतर, वाचनालयात एका बाईची चांगल्या प्रेमकथा मिळत नसल्याची तक्रार कानावर पडली आणि त्यांनी लिहायला घेतले. पहिली कादंबरी १९६९ ची. २००१ मध्ये त्या वारल्या तोवर एकशे तीसच्या वर झाल्या होत्या. नायक बहुधा डच डॉक्टर, नायिका बहुधा नर्स, आणि अनेक पुस्तकांत नाताळ. आज नाताळच्या कादंबऱ्यांसाठी नावाजलेल्या सारा मॉर्गन याही आधी परिचारिकाच होत्या आणि मिल्स अँड बूनच्या वैद्यकीय मालिकेतून पुढे आल्या. सणाच्या दिवशीही ज्यांची पाळी चुकत नाही अशा नोकरीतून या दोघी आल्या, हा निव्वळ योगायोग नसावा असे मला वाटते.

अमेरिकेतले सर्वांत मोठे नाव डेबी मॅकोम्बर. डिस्लेक्सिया, चार मुले, भाड्याने आणलेला टाइपरायटर आणि स्वयंपाकघरातले टेबल, अशी त्यांची सुरुवात. दर शरद ऋतूत त्यांचे एक नाताळपुस्तक ठरलेले. १९९६ च्या 'मिसेस मिरॅकल'मध्ये विधुर बापाच्या जुळ्या मुलांना सांभाळायला एक आजीबाई येते आणि बघता बघता घर मार्गी लावते. ती देवदूत आहे की नुसती धोरणी बाई, हे लेखिका फार ताणून धरत नाही. हॉलमार्क या अमेरिकी दूरचित्रवाहिनीने २००९ मध्ये त्याचा चित्रपट केला.

याच सुमारास ब्रिटनमध्ये थोडी खट्याळ, खाण्यापिण्याने भरलेली धारा आली. ट्रिशा अ‍ॅशली, जेनी कोल्गन, सारा मॉर्गन ही तिच्यातली प्रमुख नावे. एकोणिसाव्या शतकारंभीच्या रीजन्सी काळातल्या नाताळकथांची शाखा त्याआधीपासून होती. तिच्यात मेरी बालॉग यांचे नाव मानाने घेतले जाते.

आणि मग पडदा. हॉलमार्क ही मूळची कॅन्सस सिटीची शुभेच्छापत्रांची कंपनी, १९१० ची. तिच्या वाहिनीने २००९ मध्ये 'काउंटडाउन टू ख्रिसमस' सुरू केले आणि २०१९ पर्यंत हॉलमार्कच्या वाहिन्यांनी मिळून वर्षाला चाळीस नवे चित्रपट काढण्यापर्यंत मजल मारली. ऐन उन्हाळ्यात कॅनडात, खोट्या बर्फात, घामाघूम होऊन लोकरी कोट घातलेले नट साधारण पंधरा दिवसांत एक चित्रपट संपवतात. २०१७ मध्ये 'अ ख्रिसमस प्रिन्स' घेऊन नेटफ्लिक्सही या खेळात उतरले. याचा एक तोटा झाला. लोक पुस्तकांवर टीका करू लागले की डोळ्यांपुढे असतात ते हे चित्रपट. पुस्तके त्यांच्याहून पुष्कळ वेगवेगळी आहेत.

साच्याची बाजू

पहिला वाद साच्याचा. आक्षेप सरळ आहे: पात्रे अदलाबदल करता येतील अशी, अडथळे लटके, शेवट ठरलेला. मग साहित्य म्हणून याची दखल का घ्यावी?

याला सर्वांत पद्धतशीर उत्तर पामेला रेजिस यांनी २००३ मध्ये 'अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल'मध्ये दिले. प्रेमकादंबरीचे आठ आवश्यक घटक त्यांनी सांगितले: समाजाचे चित्र, भेट, अडथळा, ओढ, कबुली, सगळे संपले असे वाटण्याचा क्षण, उलगडा आणि वाङ्निश्चय. या आठांत 'प्राइड अँड प्रेजुडिस'ही बसते. साचा असणे हा दोष मानला तर सुनीतही बाद होईल, असा या पक्षाचा रोख. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या १९८० मध्ये स्थापन झालेल्या संघटनेची व्याख्याही अशीच: मध्यभागी प्रेमकथा आणि समाधान देणारा, आशादायी शेवट. शेवट हा करारच आहे. मजा आहे ती तिथवर पोचण्यात.

नाताळच्या कथेत या आराखड्यात एक वेगळी गोष्ट घडते. इथे खलनायक बहुधा नसतोच. त्याचे काम तारीख करते. २५ डिसेंबर पुढे ढकलता येत नाही. बर्फाने रस्ते अडतात, गाड्या रद्द होतात, नको असलेली माणसे एका छपराखाली अडकतात. रेजिस यांचा तो 'सगळे संपले' क्षण जवळपास नेहमी २३ किंवा २४ तारखेला येतो. चांगली लेखिका हे गणित लपवते. सुमार लेखिकेच्या पुस्तकात ते रेल्वेच्या वेळापत्रकासारखे दिसते.

आक्षेप घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र अजून उभा आहे. गुंतवणूक सल्लागार नायकाचा राजीनामा, लहान गावात परतणे, मोडकळीला आलेले दुकान वाचणे, हे पुन्हा पुन्हा का? मुख्य रस्त्यावर पुस्तकांचे, पावाचे, खेळण्यांचे दुकान सुखाने चालले आहे असे गाव अमेरिकेत शोधावे लागते. ते ज्या ऑनलाइन बाजाराने मोडले, त्याच बाजारातून या गावांच्या कादंबऱ्या प्रचंड खपतात. काही समीक्षक याला स्मरणरंजनाची पळवाट म्हणतात. काही म्हणतात, गमावलेल्या गोष्टीची ही नोंद आहे आणि नोंद करणे हाही निषेधच. मला पहिले म्हणणे चित्रपटांना जास्त लागू पडते असे वाटते, दुसरे काही थोड्या पुस्तकांना.

बाईच्या वाट्याला काय

दुसरा वाद सर्वांत जुना आणि सर्वांत समृद्ध. १९७९ मध्ये अ‍ॅन बार स्निटो यांनी, १९८२ मध्ये टानिया मॉडलेस्की यांनी हार्लेक्विन प्रकारच्या कादंबऱ्यांची स्त्रीवादी चिकित्सा केली. दोघींचा सूर सरसकट तुच्छतेचा नव्हता, पण या कथा बाईच्या असमाधानाला वाट देतात आणि तिथेच जिरवतात, हा निष्कर्ष त्या काळी रुळला.

१९८४ मध्ये जॅनिस रॅडवे यांचे 'रीडिंग द रोमान्स' आले आणि चर्चेची दिशा बदलली. रॅडवे वाचकांकडे गेल्या. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या, पुस्तकात 'स्मिथटन' असे नाव दिलेल्या गावातल्या बायकांशी त्या बोलल्या. त्या बायका कथेपेक्षा वाचण्याच्या कृतीबद्दल जास्त बोलत. पुस्तक हातात असले की मुले आणि नवरा जरा वेळ दूर राहतात. दिवसभर सगळ्यांचे बघणाऱ्या बाईला कोणीतरी आपले बघते आहे असे त्या वेळात वाटते. रॅडवे यांनी हे आदराने नोंदवले, आणि त्याचबरोबर विचारले की ज्या व्यवस्थेमुळे हा विसावा लागतो ती या वाचनाने हलते का? पुढे राधिका परमेश्वरन यांनी हैदराबादच्या तरुण वाचकांचा अभ्यास केला, तेव्हा चित्र आणखी गुंतागुंतीचे निघाले. तिथे हे वाचन इंग्रजीशी, वर्गाशी आणि घरच्या पहाऱ्याशीही जोडलेले होते.

नाताळच्या कथांसाठी मला याहून उपयोगी वाटतो तो प्रेमकथांशी काडीचाही संबंध नसलेला एक निबंध. मानववंशशास्त्रज्ञ मिकाएला दि लिओनार्डो यांनी १९८७ मध्ये दाखवले की कार्डे पाठवणे, भेटवस्तू लक्षात ठेवणे, सणाच्या जेवणावळी घालणे, नातेवाइकांची विचारपूस करणे हे खरेखुरे काम आहे. त्याला वेळ लागतो, कौशल्य लागते, आणि ते जवळपास सगळे बायका करतात. नाते टिकवण्याचे काम, असे त्यांनी त्याला म्हटले. ट्रोलपच्या मिसेस ब्राऊनची मध्यरात्रीची धावपळ यातलीच. दिवाळीत फराळाचे डबे कोणाकडे किती आणि कोणत्या क्रमाने जायचे हे ज्या घरात एकाच बाईच्या डोक्यात असते, तिथे हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता या चष्म्यातून ट्रिशा अ‍ॅशली यांची 'ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस' (२०१०) पाहा. हॉली ब्राऊन ही तरुण विधवा उन्हाळ्यात श्रीमंतांच्या घरी मेजवान्या रांधते आणि हिवाळ्यात परक्यांची घरे सांभाळते. नाताळ तिला नकोसा आहे. म्हणूनच लँकशायरच्या माळावरचे एकाकी घर तिने पत्करले आहे. घर, कुत्रा, घोडा, आणि शांतता. मग बर्फ पडतो. मालकाचे नातलग एकेक करून येऊन अडकतात, आणि नाताळ टाळायला आलेली ही बाई सगळ्यांसाठी नाताळ रांधू लागते. शेवटी शिल्पकार मालकही येतो, आधी फुरंगटून, मग विरघळून.

एका वाचनात हा सापळा आहे: पळून गेलेल्या बाईला सणाने पकडून पुन्हा ओट्यापाशी उभे केले. दुसऱ्या वाचनात हॉली व्यावसायिक आहे, आपल्या कामाचे मोल तिला ठाऊक आहे आणि सगळे तिच्या हाताखाली राबतात. रांधण्याची वर्णने ज्या तपशिलाने आणि आनंदाने येतात, त्यावरून लेखिकेचा कल दुसरीकडे आहे. माझा काटा अजून मधेच आहे. कौतुक होते, पण कामाची वाटणी होते का? बहुतेक नाताळकथा कौतुकावर थांबतात. ज्या वाटणीपर्यंत जातात त्या मला सरस वाटतात, आणि त्या थोड्या आहेत.

सण कोणाचा

तिसरा वाद ताजा आणि धगधगता. जयश्री कांबळे यांनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की गोरा प्रोटेस्टंट संस्कार ही इंग्रजी प्रेमकादंबरीची न बोललेली बैठक आहे. नाताळच्या कथेत ती बैठक सजावटीसकट समोर येते.

२०१९ चा डिसेंबर या क्षेत्राला फार जड गेला. हॉलमार्क वाहिनीने दोन वधू एकमेकींचे चुंबन घेतानाची एका विवाहसेवेची जाहिरात काढून टाकली, गदारोळ झाल्यावर काही दिवसांत माफी मागितली. प्रमुख बिल अ‍ॅबट पुढच्याच महिन्यात पायउतार झाले आणि नंतर पारंपरिक प्रेक्षकांसाठीच्या दुसऱ्या वाहिनीची धुरा त्यांनी घेतली. त्याच डिसेंबरात रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिकाने कोर्टनी मिलन या लेखिकेला निलंबित केले. एका जुन्या कादंबरीतल्या चिनी पात्रांच्या चित्रणाला वंशद्वेषी म्हटल्याबद्दल. निर्णय मागे घ्यावा लागला, पण संघटना सावरली नाही. दहा हजारांच्या आसपासची सभासदसंख्या दोन हजारांवर आली आणि मे २०२४ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. या संघटनेच्या वार्षिक पुरस्कारांत पहिल्यांदा कृष्णवर्णीय लेखिका जिंकल्या त्याही २०१९ मध्येच, हे लक्षात घेतले की राग कुठून आला ते कळते.

एका बाजूचे म्हणणे असे की सण सर्वांचा झाला आहे, मग प्रेमकथाही सर्वांच्या हव्यात. हॉलमार्कने २०२२ मध्ये 'द हॉलिडे सिटर'मध्ये समलिंगी जोडी मुख्य भूमिकांत आणली. दुसरी बाजू श्रद्धावंत ख्रिस्ती वाचकांची, आणि तिला केवळ प्रतिगामी म्हणून झटकणे सोपे असले तरी न्याय्य नाही. त्यांची तक्रार अशी की या कथांतून बाळ येशूच नाहीसा झाला. उरले ते कोको, स्वेटर आणि झाड. हार्लेक्विनची 'लव्ह इन्स्पायर्ड' ही श्रद्धाकेंद्री मालिका १९९७ पासून याच वाचकासाठी चालते.

या पेचावर सर्वांत चतुर कादंबरी जीन मेल्टझर यांनी लिहिली: 'द मात्झा बॉल' (२०२१). नायिका रेचल ही नामवंत रब्बीची, म्हणजे ज्यू धर्मगुरूची, मुलगी. कोणालाही पत्ता लागू न देता, टोपणनावाने, ती नाताळच्या प्रेमकथा लिहून पोट भरते. घरातल्या एका बंद खोलीत तिने सांताक्लॉजचा सगळा संसार दडवून ठेवला आहे. प्रकाशक एक दिवस म्हणतो, आता हनुक्का या ज्यू सणावर लिही. आणि हिला हनुक्कात जादूच दिसेना. शिवाय तिला दीर्घ थकव्याचा असाध्य आजार आहे, जो खुद्द मेल्टझर यांनाही आहे. त्यामुळे सणाची धावपळ तिला परवडतच नाही. दुसऱ्याच्या सणाचे आकर्षण आणि आपल्या सणाचा संकोच, दोन्ही एका खोलीत बंद करून लेखिकेने वादच पात्रात उतरवला आहे. दोन वर्षांनी उज्मा जलालुद्दीन आणि मरिसा स्टेपली यांनी 'थ्री हॉलिडेज अँड अ वेडिंग'मध्ये २००० सालचा डिसेंबर निवडला, कारण त्या वर्षी रमजान, हनुक्का आणि नाताळ एकत्र आले होते.

तरीही एक शंका राहते. हनुक्का हा ज्यू परंपरेत तुलनेने लहान सण. डिसेंबरात येतो म्हणून त्याला प्रेमकथेचा मान मिळतो आहे. इतरांचे सण नाताळच्या साच्यात ओतून सामावून घेणे हे खरे सामावणे आहे का, यावर ज्यू लेखिकांतही एकमत नाही.

काय उरते

साच्याचा वाद माझ्या मते बराचसा मिटला आहे. रेजिस यांच्यानंतर ठरीव शेवट हा एवढाच मुद्दा घेऊन कोणी गंभीरपणे उभे राहत नाही. विसाव्याचा वाद मिटलेला नाही, आणि रॅडवे यांच्या वाचक आता आज्या झाल्या आहेत. मोबाइलवर वाचणाऱ्या, भरमसाट स्वप्रकाशित पुस्तकांतून निवड करणाऱ्या नव्या वाचकांसाठी ते काम पुन्हा करायला हवे. सण कोणाचा हा वाद तर अजून भर रंगात आहे. सर्वांत मोठी उणीव म्हणजे एकेका पुस्तकाचे बारकाईने वाचनच झालेले नाही. ते झाल्याशिवाय नील्स आणि मेल्टझर यांना एकाच टोपलीत टाकण्याची सवय सुटणार नाही.

ज्या वाचकाला स्वतः पडताळून पाहायचे असेल त्याने चित्रपट बाजूला ठेवून तीन गोष्टी याच क्रमाने वाचाव्यात: ट्रोलपची मोहरीची कथा, अ‍ॅशलींची हॉली, मेल्टझर यांची रेचल. पहिली स्वामित्वहक्कातून कधीच मोकळी झाली आहे. ती फुकट मिळते आणि एका बैठकीत वाचून होते.